जिवंत जुगाऱ्यांचा सत्कार

माणसानं आयुष्यात एकदा तरी खरं बोलून बघावं, पण बोलण्याआधी चार लोकांना कल्पना देऊन ठेवावी. मी दिली नव्हती. म्हणून ऐंशी सालच्या डिसेंबरात दासगावच्या खाडीपासून पोलादपूरच्या घाटापर्यंत माझी जी शोभा झाली, ती आता मीच सांगून टाकतो. दुसऱ्यानं सांगितली तर तो मीठमसाला लावणार, आणि तो मक्ता महाडात माझ्याकडे आहे.

माझा धंदा अर्ज लिहिण्याचा. कचेरीसमोर छत्री, छत्रीखाली टेबल, टेबलावर टाइपरायटर आणि मागे मी, मुरारी. वीस वर्षांत माझा एक अर्ज परत आला नाही. आणि फावल्या वेळात मी लोकांच्या फिरक्या घेतो. नुकसान कुणाचं करत नाही. एकदा चहा पिता पिता नुसतं म्हणालो, की कुत्र्यांना आता लायसन लागणार, दोन फोटो, एक समोरून आणि एक बाजूनं. तीन दिवस फोटो स्टुडिओसमोर कुत्र्यांची रांग होती. रांगेत दोन मांजरं पण होती, ती कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून मी "आज सोमवार" म्हटलं तरी लोक कॅलेंडर बघून येतात.

तर अशा माझ्या टेबलाशी एके सकाळी मुश्ताक येऊन बसला. मुश्ताक माझा शेजारी, ट्रकवाल्यांच्या घरातला, तीन वर्षं सौदीत काढून रजेवर आलेला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन, अंगाला अत्तर इतकं की समोरच्या टपरीवरच्या चहाला पण वास येत होता.

"मुरारीभाई," तो म्हणाला, "आमच्या कॅम्पात एक अमेरिकन हाय. त्याच्या मुलखात वाळवंटात एक शहर हाय, अख्खं जुगाराचं. तिथं पोकर म्हणून पत्त्यांचा खेळ चालतो, आपल्या तीनपत्तीचा मोठा भाऊ. धंदा म्हणून खेळतात लोक, आपण अर्ज लिहिता तसे. तर त्यातले सगळ्यात भारी जे झाले, अशा सात जणांचा गेल्या साली मान केला. भिंतीवर फोटो, खाली नाव."

"आणि पोलीस?"

"पोलीस फोटो बघायला येतात."

मी टाइपरायटरमधला कागद काढून ठेवला. मुश्ताक पुढे सांगत होता. त्या सातांपैकी एकाला म्हणे पत्ते हातात असतानाच कुणी गोळी घातली. आणि एक जण तर दोनशे वर्षांपूर्वी मेलेला, त्यानं हा खेळ जन्मात खेळला नाही, नुसते पत्त्यांचे नियम लिहिले! लिहिणाऱ्याचा एवढा मान करणारा मुलूख मला तिथल्या तिथे आवडला.

आता आमच्याकडे सत्कार कुणाचा होत नाही? रिटायर झाला, शाल. बदली झाली, शाल. बदली रद्द झाली, परत तीच शाल. आणि आमच्या हैबतीदादाला? पोलादपूरच्या पुढे कापड्याला राहणारा हा माणूस चाळीस वर्षं तीनपत्ती खेळला. गोकुळाष्टमीला, गणपतीत, लग्नाच्या मांडवात. स्वतःची पानं तो उलटून बघायचासुद्धा नाही, समोरच्याचं तोंड बघायचा. समोरच्याला घाम फुटायचा आणि तो चांगली पानं टाकून घरी जायचा. या माणसानं लबाडी केली असं म्हणणारा अजून जन्मला नाही. दोन वर्षांपूर्वी अचानक खेळ सोडला आणि ओट्यावर बसून राहिला. का सोडला ते कुणाला सांगितलं नाही. त्याला कुणी साधा नारळ दिला नव्हता.

ठरलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ललितानं हातातली पळी खाली ठेवली नाही.

"या खेपेला कुणाला फसवताय?"

"अगं, खरंच करणार आहे."

"कुत्र्यांच्या वेळी पण असंच तोंड केलं होतंत."

यादी करायला बसलो आणि अख्खी आळी ओसरीवर आली. शेजारचे भिकाजी मास्तर, आठ वर्षांपूर्वी रिटायर, पण शिकवण्याची सवय अंगातून गेलेली नाही. ते म्हणाले, "जुगाऱ्यांचा सत्कार? त्यापेक्षा सुंदर हस्ताक्षराची स्पर्धा घे." समोरच्या काशीबाईंना वाईट वाटलं ते वेगळ्या कारणानं. "आमच्या ह्यांचं नाव नाय? दोन शेतं घालवली त्यांनी पत्त्यात! तुमच्या हैबतीनं काय घालवलं?" मी समजावलं, की काशीबाई, घालवणाऱ्यांची यादी केली तर भिंत पुरायची नाही. त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडे विरजण मागणं बंद केलं. मी नमतं घेतलं नाही. बुद्धिमान माणसाला अशी किंमत मोजावीच लागते.

शेवटी चार नावं राहिली. कापड्याचे हैबतीदादा. तुडीलचे महमूदचाचा, जे जहाजावर खलाशी होते आणि अर्ध्या जगातल्या बंदरांत खेळून आले. दासगावचे सोमा गुरुजी, गणिताचे मास्तर, गेलेली सगळी पानं ज्यांना तोंडपाठ. आणि महाडच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या चंपाबाई, ज्यांच्यासमोर मेंढीकोट खेळायला पुरुषमाणसं पाठीत दुखतंय म्हणून बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडून कापड्याला गेलो. हैबतीदादा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते सोलत राहिले.

"मुरारी, ही तुजी गंमत तर नाय?"

"आईची शपथ, दादा."

"आईला मधे घेऊ नको, ती बिचारी तुज्यापायी जिती असताना पण लय ऐकून घ्यायची." त्यांनी सुपातलं टरफल बाजूला फुंकलं. "माजा दत्ताराम मुंबैला गिरणीत जॉबर हाय. सासुरवाडीत त्यानं काय सांगितलंय ठाऊक? बाप भजनी बुवा हाय. मी कदी टाळ धरला नाय रे हातात. पोराला बापाची लाज वाटते, वाटू दे. पण एकदा चार माणसांत कोण बोललं की हैबती चांगला खेळला, तर ऐकून जाईन म्हंतो." मग ते थांबले. "मी आज गावात सांगतो. शाल घ्यायला महाडला चाललोय म्हणून. एकदा सांगितलं की मागं नाय सरायचं. तू सरलास तर तुज्यावर कोण हसणार नाय, तुजी ती रीतच हाय. माज्यावर हसतील."

मी परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसलो आणि पहिल्यांदाच काय काय बिघडू शकतं ते बोटांवर मोजायला लागलो. फिरकी घेताना असं कधी होत नाही. फिरकी फसली तर काय, लोक आणखी हसतात.

आता सभागृह. शाळेनं विषय ऐकून दार लावलं. एका मंडळानं "विचार करून कळवतो" म्हटलं, ते अजून विचार करतायत. शेवटी मुश्ताकनं त्याच्या भावाचं टायरांचं गोडाऊन दिलं. "टायरांवर लोक बसतील, खुर्च्यांचं भाडं वाचलं," म्हणाला. लाउडस्पीकर त्याच्याच टू-इन-वनला जोडायचा ठरला. आणि लाउडस्पीकर म्हटला की पोलीस परवाना, परवाना म्हटला की अर्ज.

मला हसू आलं. वीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी लिहिले, आज स्वतःसाठी लिहिणार! अर्जात मोघम काही ठेवायचं नाही हा माझा नियम. मी रकाने पाडले. खेळाडूचं पूर्ण नाव, वय, राहण्याचं ठिकाण, खेळाचा प्रकार, किती वर्षं खेळतात, नेहमीच्या बसण्याच्या जागा. त्यात "पिंपळाखाली", "बंदरावरच्या वखारीमागे", "श्रावणात दर शनिवारी" असं सगळं आलं. शेवटी लिहिलं, "सदर इसमांनी उभ्या तालुक्यात जुगारात जे नैपुण्य दाखविले आहे त्यास तोड नाही." वाचून माझ्याच अंगावर शहारा आला.

ठाण्यात महिपती हवालदार बसले होते. साधा, सरळ माणूस, कुणाकडून फुकट पान खाणार नाही. त्यांनी अर्ज एकदा वाचला, दोनदा वाचला. मग उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेतला.

"मुरारीशेठ, आठ वर्षं मी इथं आहे. कोण खेळतो, कुठं बसतो, रानोमाळ फिरलो. कुणी तोंड उघडलं नाही. आणि तुम्ही टाइप करून आणलंत? तेही कार्बन कॉपीसकट?"

मी मोकळ्या हातानं अर्जाचं टोक धरलं.

"साहेब, तो अर्ज मी परत घेतो."

"आवक नंबर पडला." त्यांनी शिक्का मारला. तो शिक्का मारण्याचा आवाज मी रोज ऐकतो, त्यावर माझं पोट आहे. त्या दिवशी तो माझ्याच टाळक्यात मारल्यासारखा वाजला.

बातमी माझ्या आधी बाजारात पोचली. संध्याकाळपर्यंत महमूदचाचा भाचीला बघायला म्हणून रत्नागिरीला निघून गेले. सोमा गुरुजींनी दासगावहून चिठ्ठी पाठवली. अक्षर सुरेख. "प्रिय मुरारी, मला पेन्शन आहे. आपला, सोमा." एवढंच. चंपाबाई मात्र स्वतः टेबलाशी आल्या, बोंबलांची टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात.

"मुडद्या, माझं वय साठ लिहिलंस ते कुणाला विचारून?"

"किती लिहू?"

"पोलिसांना पन्नास सांग. आणि मी येणार. मला शाल हिरवी पायजे."

एक बाई मागे हटत नाही म्हटल्यावर मी कसा हटणार? रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत विचार केला आणि दुसरा अर्ज लिहिला. माझ्या पहिल्या अर्जातला मजकूर घाईत चुकीचा पडला असून, "जुगार" या शब्दाच्या जागी सर्वत्र "बैठे खेळ" असं वाचावं, आणि सदर कार्यक्रम हा बैठ्या खेळांतील ज्येष्ठ खेळाडूंचा गौरव समजावा.

हवालदारांनी विचारलं, "मग हा पिंपळ?"

"बसायला, साहेब. बैठा खेळ आहे."

"आणि वखारीमागे?"

"सावली."

त्यांनी अर्जाची घडी घातली. मग म्हणाले, खेळ बैठा की उभा हे ठरवायचा अधिकार त्यांचा नाही, कचेरीतून आणा. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, तिकीट आहे का? नाही म्हटलं. तर म्हणे, तिकीट नाही म्हणजे करमणूक कर नाही, पण कर नाही याचा दाखला लागेल, आणि दाखल्यासाठी करमणूक आहे हे आधी सिद्ध करा. मी म्हटलं, करमणूक नाही हो, सत्कार आहे. तो म्हणाला, "तुम्ही करताय आणि करमणूक नाही?" आणि शेजारच्या टेबलावरचे पण हसले. मी ज्यांचे अर्ज वीस वर्षं त्यांच्या टेबलावर आणून ठेवले, ते! मी शर्टाची वरची गुंडी लावली आणि तिथेच उभा राहिलो. तीन दिवस उभा राहिलो. चौथ्या दिवशी त्यांना माझा कंटाळा आला आणि दाखला मिळाला. त्यावर हवालदारांनी परवाना दिला, रविवारी चार ते सहा. "मी जातीनं येतो," एवढंच बोलले, आणि ते चांगलं की वाईट ते मला कळेना.

राहिले फोटो. चौघांचे जुने फोटो मोठे करून घेतले आणि बाजारपेठेत गणूकडे फ्रेमला टाकले. गणू हाताचा स्वच्छ, डोक्याचा त्याहून स्वच्छ, त्यात काहीच नसतं. त्याला सांगितलं, काम झालं की थेट गोडाऊनवर पाठव. आणि मी निर्धास्त झालो.

गुरुवारी आमच्याकडे कापड्याची माणसं बाजाराला येतात. त्यांना गणूच्या दुकानाच्या दर्शनी भागात काय दिसलं? हैबतीदादांचा मोठा फोटो. काचेच्या आत कपाळावर गंध. आणि फोटोला चंदनाच्या सालींचा पांढरा हार.

आता अमेरिकेत भिंतीवर फोटो लागला की माणूस मोठा झाला. आमच्याकडे हार घातलेला फोटो लागला की माणूस गेला. इतकी साधी गोष्ट, पण एकाही अर्जात ती मी लिहिली नव्हती.

मी धावत गणूकडे गेलो. "अरे, हार कुणी सांगितला तुला?"

"सांगायला कशाला पायजे?" गणू शांत. "भाऊ, सोळा वर्षं दुकान चालवतो. साठीच्या माणसाचा एवढा मोठा फोटो कुणी जिता असताना काढलाय? माझ्या काचेमागं आजवर जिवंत माणूस एकच गेलाय, तो म्हणजे माझा मेव्हणा, काच बसवताना अडकलेला. हाराचे पैसे पण मी लावले नाहीत, मयताच्या घराला काय लावायचे?"

शेजारी चंपाबाई उभ्या होत्या, स्वतःच्या हार घातलेल्या फोटोसमोर. मला वाटलं आता टोपली डोक्यात पडणार. त्या मान वाकडी करून बघत होत्या. "अगो बाय," स्वतःशीच म्हणाल्या, "मेल्यावर मी बरी दिसते की!"

पण कापड्याची माणसं तोपर्यंत दोनच्या एस.टी.नं निघाली होती, आणि त्यांच्यातल्या एका शहाण्यानं जाता जाता पोस्टातून मुंबईला तार ठोकली होती. घरी जाऊन विचारू, मग तार करू, असं नाही. मरणाची बातमी पहिल्यांदा आपण दिली पाहिजे, हा मोठेपणा आमच्या तालुक्यात फार.

पुढचं मला मुश्ताकनं सांगितलं, तो शुक्रवारी त्या बाजूनं ट्रक घेऊन गेला होता. दत्ताराम तार मिळताच रातोरात निघाला. बापाला पोचवून झालं असणार, आपल्याला उशीर झाला, म्हणून पोलादपूरच्या स्टँडावर उतरल्या उतरल्या न्हाव्याकडे बसला आणि डोकं, मिशी सगळं काढून टाकलं. तसाच रडत कापड्याला गेला. बाप ओट्यावर, वाल सोलत.

हैबतीदादांनी त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तिरुपतीला गेलतास काय रे?"

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. गावात एकच बोलणं. मुरारीनं हैबतीला बनवला! सत्कार म्हणून सांगितलं आणि तेरावा घातला! पोरं त्यांच्या ओट्यासमोरून जाताना हात जोडून "ओम शांती" म्हणायला लागली. दत्ताराम शनिवारी माझ्या टेबलापाशी आला. मिशीची जागा पांढरी, डोळे लाल.

"मुरारीभाऊ, वडील म्हणतात तरीपण उद्या येणार. नवी टोपी घेतलीय त्यांनी. मी त्यांना अडवलं नाय. पण उद्या ते लोकांत हसं होऊन उठले ना, तर तुमचा टाइपरायटर सावित्री नदीत आणि मागनं तुम्ही."

"दत्ताराम, हे सगळं खरं आहे रे."

तो हसला पण नाही. निघून गेला. मी तोवर समजत होतो, की आयुष्यात मी कमावलं ते लोकांचं हसणं. त्या दिवशी वाटलं, घालवलं काय ते कधी मोजलंच नाही.

रविवारी चार वाजता गोडाऊन भरलं. टायरांवर माणसं, टायरांच्या आत पोरं, पत्र्याच्या दारात बायका. इतकी गर्दी महाडात कुठल्या सत्काराला झाली नसेल. कारण सगळे फिरकीचा शेवट बघायला आले होते. पेढे म्हणून पेंड वाटणार, शाली उलगडल्या की आत गोणपाट निघणार, अशा पैजा लागल्या होत्या. पहिल्या टायरावर महिपती हवालदार, मांडीवर टोपी. त्यांच्या शेजारी बोडका दत्ताराम, हाताची घडी. काळ्या चष्म्यातला एक म्हातारा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता, ते महमूदचाचा. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरामागून फक्त एक पांढरी टोपी दिसत होती, ती गुरुजींची. पेन्शन होती, पण मोह पण होता. हार काढलेले चार फोटो भिंतीवर. चंपाबाई स्वतःच्या फोटोखाली खुर्ची टाकून, म्हणजे कुणाला ओळखायला त्रास नको.

आणि मधे हैबतीदादा. नवी टोपी, इस्त्रीचा सदरा, हात गुडघ्यांवर. बसलेले असे, की जणू पानं वाटायची वाट बघतायत.

मी माइक हातात घेतला. "मंडळी, आज आपण..."

हशा.

"मंडळी, मी मनापासून सांगतो..."

त्याहून मोठा हशा. मागून कुणीतरी कुत्र्यासारखं भुंकलं. मी म्हटलं, शपथेवर सांगतो. टाळ्या. मी म्हटलं, हसू नका. लोक टायरांवरून खाली पडले. काशीबाई पदर तोंडात धरून डोळे पुसत होत्या. भिकाजी मास्तर, ज्यांनी आयुष्यात वर्गात कुणाला हसू दिलं नाही, ते मांड्यांवर थापा मारत होते. मी जेवढं खरं बोलत होतो तेवढा विनोद वाढत होता. मी हैबतीदादांकडे पाहिलं. त्यांच्या मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "ओम शांती, हैबती!" आणि दत्तारामची हाताची घडी सुटली. तो उठायला लागला, बापाला घेऊन जायला.

मी माइक सोडला नाही. भाषणाचा कागद चुरगाळून खिशात घातला आणि हसण्यावर ओरडून एकच बोललो, "या माणसासारखा खेळाडू या दोन तालुक्यांत झाला नाही, आणि त्याला हे सांगायला मी चाळीस वर्षं उशीर केला!"

हसणं थोडं कमी झालं, थांबलं नाही. तेव्हा हैबतीदादा उठले. सावकाश. माझ्याजवळ आले आणि माइकवर हात ठेवला.

"गप रे सगळे," ते म्हणाले. मोठ्यानं नाही. पण बसले सगळे गप. "मी चाळीस वर्षं माणसांची तोंडं बघितली. तुमच्यातल्या निम्म्यांची पानं मी तोंडावरनं सांगितलीत. सांगितलीत का नाय?"

"सांगितलीत," मागून तीन-चार म्हाताऱ्यांचे आवाज आले. त्यात टायरामागचा एक होता.

"मग ऐका. हा मुरारी खोटं बोलायला लागला ना, की त्याची उजव्या हाताची करंगळी हलते. मी लहानपणापासनं बघतोय. थापा मारताना ती अशी नाचते. तुम्ही कदी बघितलंत नाय, कारण तुम्ही त्याच्या तोंडाकडं बघत बसलात. आता बघा. बघा त्याच्या हाताकडं."

तीनशे माणसांनी माझ्या करंगळीकडे पाहिलं. मी पण पाहिलं. ती बिचारी माइकच्या दांड्याला धरून होती, आणि भीतीनं इतकी आखडलेली की हलवू म्हटलं तरी हलली नसती.

"हलते का?"

टायरांतल्या पोरांनी माना बाहेर काढून बघितलं.

"नाय हलत," हैबतीदादा म्हणाले. "म्हणून मी शाल घ्यायला आलोय. नायतर माजा काय वाल सोलून संपला नव्हता."

मग महिपती हवालदार उठले. मला वाटलं, झालं. पण त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि हैबतीदादांना कडक सलाम ठोकला. त्यानंतर टाळ्या पडल्या, त्या कशासाठी ते ओळखायला मला कुणाची करंगळी बघावी लागली नाही. काळा चष्मा उतरला, पांढरी टोपी टायरामागून वर आली. चंपाबाईंनी हिरवी शाल खांद्यावर घेऊन ती दारातल्या उन्हात धरून बघितली, माल चांगला आहे का ते. दत्तारामनं झेंडूचा हार माझ्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला आणि स्वतः बापाच्या गळ्यात घातला. नंतर बराच वेळ तो हार सारखा करत राहिला, सारखाच होता तरी.

संपल्यावर मी हैबतीदादांना धरून मुश्ताकच्या गाडीपर्यंत नेलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी विचारलं, "दादा, माझी करंगळी खरंच हलते?"

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे?"

"अरे, दोन वरसं झाली दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. समोर माणूस हाय का म्हैस एवढं कळतं. म्हणून तर खेळ सोडला. कुणाला सांगू नको."

मी जागीच थांबलो. "मग मी खरं बोलतोय हे तुम्हाला कळलं कसं?"

"कळलं कुठं?" ते गाडीची फळी हातानं चाचपत वर चढले. "आवाजावरनं तर तू पुरा लबाड वाटत होतास. पण समोर पोरगं बोडकं बसलेलं, गावाची माणसं हसतायत. उठून गेलो असतो तर कापड्यापर्यंत हसत आली असती. हातात एक पान धड नव्हतं मुरारी. म्हणून हातात एक्के असल्यासारखं दाबून बोललो." शाल नीट केली, आणि गालात हसले. "चांगला खेळलो ना?"

"तोड नाही दादा."

गाडी घाटाकडे गेली. मी उभा राहिलो.

सोमवारी टेबलावर आलो, तर गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघेना. सगळ्यांची नजर माझ्या उजव्या हाताकडे. घरी ललितापण, मी बाहेर भजी खाल्ली नाहीत म्हटल्यावर, करंगळी बघून "बरं" म्हणाली आणि ताट वाढलं. भजी मी दोन प्लेट खाल्ली होती. तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

मंगळवारी भिकाजी मास्तर टेबलाशी आले. मी करंगळी टाइपरायटरवर सरळ, स्थिर ठेवली आणि गंभीरपणे सांगितलं, की सरकारचं नवीन पत्रक आलंय, येत्या पावसाच्या आधी प्रत्येकानं आपल्या छत्रीवर नंबर पाडून घ्यायचा आहे.

मास्तरांनी करंगळीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत पाहिलं. आणि छत्री आणायला घराकडे वळले.